चौघांचे झाले दोघे: 'द कॉरीज'च्या चोवीस वर्षांचा एक प्रकरण अभ्यास

१९६६ साली स्कॉटलंडमध्ये, एडिनबरातल्या एका चांगल्या चाललेल्या लोकगीत मंडळात फक्त दोन माणसं उरली. 'कॉरी फोक ट्रिओ अँड पॅडी बेल' हे मंडळाचं नाव. आयरिश गायिका पॅडी बेल आदल्या वर्षीच बाहेर पडली होती. आता बिल स्मिथही मंडळ सोडून गेला. मागे राहिले रॉय विल्यमसन आणि रॉनी ब्राउन, दोघेही तिशीच्या आसपासचे. मंडळातला बाईचा आवाज गेला, तिहेरी-चौहेरी सुरावट गेली, बिलची गिटार गेली. लोकांना सवय होती ती भरलेल्या रंगमंचाची. अशा वेळी कोणीही नवा गायक शोधला असता. या दोघांनी तो शोधला नाही. 'द कॉरीज' एवढंच नाव ठेवून ते पुढची २४ वर्षं, रॉयच्या मृत्यूपर्यंत, दोघेच गात राहिले.

आज हे नाव बहुतेकांना 'फ्लॉवर ऑफ स्कॉटलंड' या एका गाण्यामुळे माहीत असतं. ते गाणं इथेही येईलच. पण पारंपरिक गाणी गाऊन पोट भरणाऱ्या कोणत्याही जोडीने अभ्यासावं असं त्या गाण्यापेक्षा या दोघांच्या कामाच्या रीतीत जास्त आहे, असं माझं मत आहे. कुठलं वाद्य न्यायचं, ध्वनिमुद्रणाची मालकी कोणाकडे ठेवायची, कुणाच्या आवाजाला पुढे करायचं, असे रोजच्या धंद्यातले निर्णय त्यांनी विचारपूर्वक घेतले. पन्नासेक लाख वस्तीच्या देशात, मुख्यतः त्याच देशातल्या लोकांसमोर गाऊन, एवढा काळ टिकणं सोपं नव्हतं.

आधीची गोष्ट

ही जोडी ज्या एडिनबरात घडली तिथे लोकगीतांना नवा बहर आलेला होता. १९५१ मध्ये एडिनबरा विद्यापीठात 'स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज' सुरू झालं आणि हेमिश हेंडरसनसारखे संग्राहक ध्वनिमुद्रक घेऊन गावोगाव, शेतमजुरांकडे आणि भटक्या कुटुंबांकडे जाऊ लागले. आजीच्या तोंडी असलेली गाणी शहरातल्या विद्यार्थ्यांच्या कानावर पडू लागली. पबमध्ये, कॉफीगृहात, महाविद्यालयाच्या खोल्यांत तरुण मुलं गिटार घेऊन ती गाऊ लागली.

रॉय आणि रॉनीची गाठ १९५५ मध्ये एडिनबरा कॉलेज ऑफ आर्टमध्ये पडली. दोघे चित्रकलेचे विद्यार्थी, आणि दोघेही रग्बी खेळणारे: रॉय एडिनबरा वाँडरर्सकडून, रॉनी बरोमुअरकडून. पुढे दोघेही शिक्षक झाले. १९६२ मध्ये रॉय, बिल स्मिथ आणि रॉन क्रुकशँक या तिघांनी सेंट मेरीज स्ट्रीटवरच्या वेव्हर्ली बारमध्ये गायला सुरुवात केली. थोड्याच आठवड्यांत क्रुकशँक आजारी पडला. सुपारी तर घेतलेली होती. मग रॉयने आपल्या कॉलेजमधल्या मित्राला, रॉनीला, बोलावलं. म्हणजे पुढे ज्याचा आवाज या मंडळाची ओळख ठरला, तो आला होता बदली म्हणून. पॅडी बेलही त्याच सुमारास आली. १९६३-६४ मध्ये बीबीसीच्या लोकसंगीताच्या कार्यक्रमातून हे मंडळ घराघरात पोचलं आणि शिक्षकी मागे पडली.

दोघांचं गणित

कलावंतांच्या कुठल्याही मंडळात माणसं कमी झाली की पहिला फायदा डोळ्यांसमोर येतो तो बिदागीचा. चौघांत वाटली जाणारी रक्कम दोघांत वाटली जाते. एक गाडी पुरते, मुक्कामाच्या खोल्या कमी लागतात, तारखा जुळवताना चार घरांचे कार्यक्रम सांभाळावे लागत नाहीत. हे सगळं खरं आहे. पण तिकीट काढून आलेल्या माणसाने दोन तासांचा कार्यक्रम विकत घेतलेला असतो, आणि रंगमंचावर माणसं किती यावर तो कमी तास मान्य करत नाही.

चौघांच्या मंडळात एकाचा घसा बसला तर दुसरा पुढे होतो. जोडीत ही सोय नाही. एक आजारी पडला की कार्यक्रमच रद्द. शिवाय दोघांपैकी प्रत्येकाला आळीपाळीने मुख्य गायकही व्हावं लागतं आणि साथीदारही. ज्याला फक्त पुढे उभं राहायला आवडतं तो जोडीत टिकत नाही, आणि ज्याला फक्त मागे राहायला आवडतं तोही नाही. जोडीने लोकगीतं गाऊन लोकप्रिय होता येतं हे रॉबिन हॉल आणि जिमी मॅकग्रेगर या स्कॉटिश जोडीने बीबीसीच्या संध्याकाळच्या कार्यक्रमातून आधीच दाखवलं होतं. पण टीव्हीवर एक गाणं गाणं वेगळं आणि नाट्यगृहात एका रात्रीत वीसेक गाणी पेलणं वेगळं.

कॉरीजने कामाची वाटणी स्वभावाप्रमाणे केली. रॉनीचा आवाज दमदार आणि मोकळा. लढाईची गाणी, मद्याची गाणी, प्रेक्षकांना सोबत गायला लावणारी गाणी तो उचलायचा. रॉयचा आवाज मऊ. तो सुरावटीत खालून-वरून रॉनीला धरून ठेवायचा आणि हळव्या गाण्यांत स्वतः पुढे यायचा. वाद्यांच्या बाबतीत पारडं रॉयकडे झुकलेलं होतं: मँडोलिन, तिच्याच जातीचं स्पॅनिश तारवाद्य बांदुरिया, कॉन्सर्टिना, टिन व्हिसल, नॉर्थम्ब्रियन स्मॉलपाइप्स. रॉनीकडे गिटार आणि आपल्या डफाच्या जातीचं बोडरान. काही गाणी ते वाद्याविना, नुसत्या दोन आवाजांत गात. त्या जागा ऐकताना कळतं की तिसरा माणूस न शोधण्याचा निर्णय त्यांनी हतबलतेने घेतला नव्हता. दोन आवाजांमधली मोकळी जागा त्यांना हवी होती. चार आवाजांत शब्द दबतात, आणि कथागीतात शब्दच दबला तर गाण्यात उरतंच काय?

कॉम्बोलिन

या प्रकरणातला सर्वांत रंजक भाग आता येतो, म्हणून इथे थोडा जास्त थांबतो.

आवाजांचा प्रश्न सुटला तरी नादाचा भरणा कमीच पडत होता. एका गाण्याला मँडोलिनची किणकिण हवी, त्याच गाण्याला खर्जाचा आधारही हवा, आणि हात एकूण चार. शिवाय दर कार्यक्रमाला इतकी वाद्यं गाडीतून नेणं, उतरवणं, मांडणं, सुरात लावणं हे कष्टाचं काम. लोकसंगीताच्या दौऱ्यावर गेलेल्या कोणालाही विचारा, गाण्यापेक्षा हमाली जास्त होते.

१९६९ च्या उन्हाळ्यात रॉयने यावर उपाय म्हणून एकमेकांना पूरक अशी दोन वाद्यं घडवली आणि त्यांना नाव दिलं कॉम्बोलिन. एका वाद्यात गिटार आणि मँडोलिन एकत्र, शिवाय खर्जाच्या चार तारा. ते बहुतेक वेळा रॉनी वाजवायचा. दुसऱ्या वाद्यात गिटार आणि बांदुरिया एकत्र. बांदुरिया रॉय ट्रिओच्या सुरुवातीच्या दिवसांपासून वाजवत होता, म्हणून हे दुसरं वाद्य त्याचं. आणि या दुसऱ्या वाद्याला त्याने १३ तरफा बसवल्या. न छेडता, मुख्य तारेच्या सुराबरोबर आपोआप झंकारणाऱ्या तारा. त्या सतारीवरून सुचलेल्या होत्या.

मराठी वाचकाला इथे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. मिरजेच्या कारागिरांकडे ज्याने सतार जुळवली जाताना पाहिली आहे, त्याला तरफा काय करतात ते ठाऊक असतं. सुराच्या मागे एक धूसर सूर उभा राहतो, आणि एकच माणूस वाजवत असूनही खोली भरल्यासारखी वाटते. रॉयला नेमकं हेच हवं होतं. माणसं दोन, पण नाद चौघांचा. त्या काळात ब्रिटनमध्ये सतारीचा नाद नवा नव्हता. रविशंकरांच्या मैफली होत होत्या, आणि खुद्द एडिनबरातून निघालेला इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँड आपल्या ध्वनिमुद्रणांत सतार वाजवत होता. पण त्यातल्या बहुतेकांनी सतार तिच्या दूरदेशीच्या गूढपणासाठी घेतली. रॉयने सतारीतला फक्त एक गुणधर्म उचलला आणि तो स्कॉटिश गाण्याच्या कामाला लावला. मला हे उसनवारीचं फार प्रामाणिक उदाहरण वाटतं. त्याने भारतीय संगीताचा आव आणला नाही. आपल्या गाण्याला काय कमी पडतंय हे ओळखलं, ते कुठे मिळेल हे पाहिलं, आणि सुतारकामाला बसला.

१९७० मध्ये 'स्ट्रिंग्ज अँड थिंग्ज' ही तबकडी आली. तिच्यातल्या सगळ्या गाण्यांत कॉम्बोलिन वाजली आहेत आणि मागच्या वेष्टनावर या वाद्यांचं तपशीलवार वर्णन छापलेलं आहे. वाद्याचं वर्णन तबकडीवर छापावंसं वाटणं यातच त्यांचा अभिमान दिसतो.

आता यातली अडचण. जितक्या तारा जास्त, तितका वेळ जुळवणीला जास्त. सतारवादक एका रागासाठी तरफा जुळवतो आणि पुढचा तासभर त्याच रागात राहतो. लोकगीतांच्या कार्यक्रमात मात्र तीन-चार मिनिटांनी गाणं बदलतं आणि गाण्याबरोबर पट्टीही बदलते. रंगमंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेने तारा उतरतात ते वेगळंच. अशी वाद्यं घेऊन फिरायचं तर गाण्यांचा क्रम वाद्याच्या सोयीने लावावा लागतो, आणि एक जण तारा पिळत असताना दुसऱ्याने प्रेक्षकांशी बोलत राहावं लागतं. कॉरीजच्या थेट मैफलींच्या तबकड्यांत गाण्यांच्या मधल्या गप्पा, कोट्या, एकमेकांची थट्टा हे सगळं आहे आणि त्यांच्या चाहत्यांना ते गाण्यांइतकंच प्रिय आहे. वाद्य जुळवणीचा वेळ हा मैफलीचा तोटा न राहता तिचा भाग झाला, यात मला या जोडीची खरी कारागिरी दिसते. कॉम्बोलिनमुळे सामान मात्र फारसं घटलं नसावं. गिटार, बोडरान, कॉन्सर्टिना, पाइप्स रंगमंचावरून कधी हलले नाहीत.

मालकी

सुरुवातीच्या तबकड्या फोंटाना, कोलंबिया अशा मोठ्या कंपन्यांकडून निघाल्या. सत्तरच्या दशकात त्यांनी पॅन-ऑडिओ ही स्वतःची कंपनी काढली आणि आपलं ध्वनिमुद्रण आपल्या हातात घेतलं. रचनांचे हक्कही 'द कॉरीज (म्युझिक)' या त्यांच्याच नावाच्या कंपनीकडे राहिले.

पारंपरिक गाणी गाणाऱ्यांसाठी हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या गाण्यावर कोणाचा हक्क नसतो, त्यामुळे मूळ रचनेचं मानधन कोणालाच मिळत नाही. गायकाच्या हाती येतं ते मुख्यतः त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचं उत्पन्न, आणि तेही कंपनीच्या ताब्यात असेल तर गायकाला त्यातला लहानसा वाटा मिळतो. मग उरते रात्रीची बिदागी. ती ज्या दिवशी गाल त्या दिवशीच मिळते. ध्वनिमुद्रण स्वतःचं असेल तर कार्यक्रम संपल्यावर दारात विकलेली तबकडीसुद्धा दोघांच्या घरात जाते. त्यांच्या थेट मैफलींच्या तबकड्या एकामागून एक निघाल्या त्यामागे हेही कारण असणार. स्टुडिओचा खर्च नको, आणि लोकांना हवा असतो तो मैफलीचाच अनुभव.

स्कॉटलंडमधल्या पुढच्या पिढीतल्या जोड्यांनीही हीच वाट धरली. शेटलंडचा फिडलवादक अॅली बेन आणि अकॉर्डियनवादक फिल कनिंगहॅम यांच्या तबकड्या अॅलीच्या स्वतःच्या व्हर्ली रेकॉर्ड्सकडून निघतात. तेही मोठ्या शहरांबरोबर हायलंड्समधल्या आणि बेटांवरच्या गावांतल्या सभागृहांत नेमाने जात राहिले. लहान देशात लोकसंगीताचा श्रोता असा पसरलेला असतो. त्याच्यापर्यंत जावं लागतं, आणि पुढच्या वर्षी परत जावं लागतं.

त्यांच्यावरचा आक्षेप

लोकगीतांच्या गंभीर अभ्यासकांना ही जोडी नेहमीच पचली असं नाही. गाणी फार गुळगुळीत होतात, प्रेक्षकांना टाळ्या वाजवायला लावतात, इतिहासाचा नुसता जयघोष करतात, असे आक्षेप या धर्तीच्या सगळ्याच लोकप्रिय गायकांवर घेतले गेले. जॅकबाइट, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांच्या, बंडाची गाणी कॉरीजच्या कार्यक्रमात ठाण मांडून असत. १७४५ मध्ये चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टने उभारलेला लढा, १६ एप्रिल १७४६ चा कलोडनचा पराभव, त्यानंतरचा परागंदा राजपुत्र.

आक्षेपात तथ्य आहे, पण तो अर्धवट आहे. जॅकबाइट म्हणून आज गायली जाणारी कितीतरी गाणी त्या लढाईच्या काळातली नाहीतच. अशी गाणी लिहिणाऱ्या लेडी नेर्नचा जन्म १७६६ चा, म्हणजे कलोडननंतर वीस वर्षांनी. कवी जेम्स हॉगने या गाण्यांचा संग्रह छापला तो एकोणिसाव्या शतकात. दिवाणखान्यात बसून, हरलेल्या बाजूची आठवण काढत लिहिलेली ही गाणी पुढे परंपरा म्हणून लोकांनी स्वीकारली. तेव्हा शुद्ध परंपरा विरुद्ध कॉरीज असा सामना मांडणं मला पटत नाही. त्यांनी ज्या परंपरेतून घेतलं ती स्वतःच अशी थरावर थर चढत तयार झालेली होती, आणि त्यांनी तिच्यावर आणखी एक थर चढवला. ज्या मुलांना शाळेत स्कॉटलंडचा इतिहास जेमतेम शिकवला जात होता, त्यांनी तो या गाण्यांतून ऐकला. ही कामगिरी लहान नाही.

हातातून सुटलेलं गाणं

'फ्लॉवर ऑफ स्कॉटलंड' रॉयने साठच्या दशकाच्या मध्यावर रचलं आणि १९६७ मध्ये बीबीसीच्या मालिकेतून ते लोकांनी प्रथम ऐकलं. विषय १३१४ ची बॅनकबर्नची लढाई, स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूसने इंग्लंडचा राजा दुसरा एडवर्ड याचा केलेला पराभव. चाल बांधली ती नॉर्थम्ब्रियन स्मॉलपाइप्सवर, कोपराखालच्या भात्याने हवा भरायच्या, मवाळ आवाजाच्या वाद्यावर. पुढे ती वाजू लागली हायलंडच्या मोठ्या बॅगपाइपवर. त्याला सूर मोजून नऊ. ती चाल त्या नऊ सुरांत बसली म्हणून मैदानावर वाजू शकली.

१९७४ मध्ये ब्रिटिश अँड आयरिश लायन्स हा रग्बी संघ दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर होता. स्कॉटलंडचा विंगर बिली स्टील याने सहकाऱ्यांना हे गाणं गायला लावलं. तिथून ते रग्बीच्या प्रेक्षकांत पसरलं. १७ मार्च १९९० रोजी एडिनबरातल्या मरेफील्ड या रग्बी मैदानावर इंग्लंडविरुद्धच्या निर्णायक सामन्याआधी ते अधिकृतपणे गायलं गेलं. स्कॉटलंडचा कर्णधार डेव्हिड सोलने आपला संघ धावत न आणता एकेक पाऊल टाकत मैदानात आणला, आणि स्कॉटलंडने १३-७ असा सामना आणि त्यासोबत ग्रँड स्लॅम, म्हणजे स्पर्धेतले सगळे सामने जिंकण्याचा मान, मिळवला. १९९७ मध्ये स्कॉटलंडच्या फुटबॉल संघटनेनेही गाणं स्वीकारलं. २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धा दिल्लीत झाल्या तेव्हा स्कॉटलंडच्या विजेत्यांसाठी 'स्कॉटलंड द ब्रेव्ह'ऐवजी हेच गाणं वाजवायला सुरुवात झाली.

व्यवसायाच्या दृष्टीने याकडे पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. इतकी वर्षं दुसऱ्यांची, जुन्यांची, अनामिकांची गाणी गाणाऱ्या माणसाने रचलेलं एक गाणं स्वतःच पारंपरिक असल्यासारखं गायलं जाऊ लागलं. स्टेडियममधल्या हजारोंना ते कोणी लिहिलं हे माहीत असायची गरज उरली नाही. लोकगीत गाणाऱ्याला याहून मोठी पावती नाही. पण हक्क आपल्या कंपनीकडे ठेवलेले होते म्हणून या पावतीसोबत रचनाकाराचं देणंही घरी आलं.

एकटा

मरेफील्डच्या त्या सामन्याच्या वेळी रॉय मेंदूतल्या गाठीने आजारी होता. १२ ऑगस्ट १९९० रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी, मोरे परगण्यातल्या फॉरेस इथे तो गेला.

रॉनी पुढे एकटा गात राहिला. मरेफील्डवर सामन्याआधी 'फ्लॉवर ऑफ स्कॉटलंड' त्याने अनेकदा गायलं. चित्रकलाही त्याने हातात धरली. पण त्याने रॉयच्या जागी कोणाला घेतलं नाही आणि 'द कॉरीज' हे नाव पुन्हा जोडीसाठी वापरलं नाही. ध्वनिमुद्रणं आणि हक्क हाताशी होते, श्रोता होता, नावाला किंमत होती. धंद्याच्या नजरेने पाहणारा म्हणेल की इथे चांगलं चाललेलं दुकान बंद केलं.

मी या निर्णयाकडे १९६६ च्या निर्णयाच्या शेजारी ठेवून पाहतो. तेव्हा दोघांनी तिसरा घेतला नाही, कारण दोघांत काम भागत होतं. १९९० मध्ये एकाने दुसरा घेतला नाही, कारण ते काम दोन माणसांच्या मापाचं नसून या दोन माणसांच्या मापाचं घडवलं होतं. आवाजांची पट्टी, थट्टेची लय, एकमेकांना पूरक म्हणूनच घडवलेली दोन वाद्यं, त्यातलं तरफांचं वाद्य ज्याच्या बोटांसाठी होतं तो आता नव्हता. मंडळ माणसाच्या पलीकडे टिकवायचं असेल तर काम असं बांधावं लागतं की बदली माणूस आत येऊ शकेल. बदली म्हणून आलेल्या रॉनीला हे कोणापेक्षाही जास्त ठाऊक असणार. कॉरीजने काम तसं बांधलं नाही. त्यांच्या मैफलींना जी धार होती ती त्यामुळेच आली, आणि पुढे कोणी नाही हेही त्यामुळेच झालं. जोडीने काम करणाऱ्या कलावंतांनी या दोहोंपैकी काय निवडायचं ते आधीच ठरवलेलं बरं, कारण आजारपण आल्यावर ते ठरवायला वेळ मिळत नाही.